अर्ज भरला, पण जतन केला का?



एका विद्यार्थिनीने शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरून पाठविला. पोहोचला तो कोराच! तिने मूळ फाईलच जोडली होती. दोष तिचा नव्हे, आम्ही शिकविलेच नव्हते.

पीडीएफ १९९३ साली अ‍ॅडोबी कंपनीने आणली. छापील कागदाची मांडणी कोणत्याही यंत्रावर तशीच दिसावी, हा तिचा हेतू. काही अर्जांत लिहिण्याच्या चौकटी असतात. काही मात्र कागदाचे नुसते चित्र असतात, त्यांवर मजकूर वरून बसवावा लागतो.

म्हणून अर्ज आधी संगणकावर किंवा टॅबलेटवर उतरवून घ्या. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये भरा, जतन करा, बंद करून पुन्हा उघडा. आपली अक्षरे दिसली, तरच पाठवा. पालकहो, मुलांच्या शेजारी बसून एकदा तपासा. अडले तर आम्हा शिक्षकांना निःसंकोच विचारा.