खंडित संवाद आणि जुनी ओळख



चिखली तालुक्यातील उंद्री आणि परिसरात सोयाबीन, कापूस, तूर व हरभरा ही शेतकऱ्यांची नित्याची पिके. त्यांची नोंद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात होत असे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवरून करता येऊ लागली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा त्याआधीच, १ मे २०१८ पासून, उपलब्ध झाला होता. शासनाचे दप्तर अशा रीतीने शिवारापर्यंत पोहोचले. परंतु बांधावर उभे राहिले असता नेटवर्क येते आणि जाते. तुटलेला संवाद पुन्हा जोडताना त्याची गुप्तता अबाधित राहते काय, हा प्रश्न म्हणूनच शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

मोबाईल आणि दूरचा सर्व्हर यांच्यातील कूटबद्ध संवाद टीएलएस नावाच्या पद्धतीने चालतो. प्रारंभी सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो. मोबाईल ते पारखतो. नंतर उभयता एक गुप्त किल्ली ठरवितात. या पद्धतीच्या १.२ या आवृत्तीत त्यासाठी निरोपांच्या दोन फेऱ्या होतात, तर ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.३ या आवृत्तीत एकच. संपर्क तुटेल तेव्हा हा सर्व विधी नव्याने करणे म्हणजे वेळेचा व श्रमाचा अपव्यय होय. यावर उपाय म्हणून सर्व्हर पहिल्या भेटीतच मोबाईलला एक मोहोरबंद चिठ्ठी देतो. तिला तिकीट म्हणतात. ते मोबाईलपाशी राहते. मात्र ते उघडण्याची किल्ली केवळ सर्व्हरपाशी असते. पुढील भेटीत तिकीट दाखविले की जुनी ओळख पटते आणि प्रमाणपत्राची तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

सोय मोठी आहे, तद्वतच जोखीमही. सारा भरवसा सर्व्हरच्या त्या एका किल्लीवर असतो. २०२० साली ग्नूटीएलएस या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालीत एक दोष उघडकीस आला. सर्व्हर सुरू झाल्यापासून पहिला किल्लीबदल होईपर्यंत तिकिटांची किल्ली म्हणजे निव्वळ शून्यांची रांग असे. कुलूप होते, पण त्याची किल्ली कोणालाही ठाऊक होण्याजोगी होती. म्हणून ही किल्ली यदृच्छेने निवडलेली असावी, ठराविक काळाने बदलावी आणि जुनी किल्ली कायमची नष्ट करावी, हा पहिला नियम. तिकिटालाही मुदत हवी. १.३ आवृत्तीत ती सात दिवसांहून अधिक ठेवता येत नाही.

दुसरा नियम असा की, तिकीट स्वीकारतानाही नवी गुप्त किल्ली ठरवून घ्यावी. १.३ आवृत्तीत तशी सोय आहे. तसे केल्यास तिकिटाची किल्ली उद्या चोरीस गेली, तरी आज झालेला संवाद चोराला वाचता येत नाही.

तिसरा धोका घाईचा. १.३ आवृत्तीत तिकिटासोबतच पहिला निरोप पाठविता येतो. उत्तराची वाट पाहावी लागत नाही. परंतु मध्येच कोणी तो निरोप टिपून जसाच्या तसा पुन्हा पाठविला, तर तो दोनदा पोहोचू शकतो. हवामानाचा अंदाज दोनदा मागितला गेला तर काही बिघडत नाही. खात्यातून पैसे वळते करण्याचा निरोप दोनदा पोहोचला तर कष्टाची कमाई जाईल. यास्तव पैशाचे व नोंदीत बदल करणारे व्यवहार या मार्गाने स्वीकारू नयेत.

चौथा नियम अधिकाराचा. एका दाराशी पटलेली ओळख दुसऱ्या दाराशी चालता कामा नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये एन्जिनएक्स या सर्व्हर-प्रणालीतील असाच दोष दुरुस्त करण्यात आला. विशिष्ट मांडणीत, एका संकेतस्थळावर मिळालेले तिकीट त्याच पत्त्यावरील दुसऱ्या संकेतस्थळावर वापरून तेथील ग्राहक-प्रमाणपत्राची तपासणी टाळता येत होती.

ही दक्षता प्रामुख्याने सर्व्हर चालविणाऱ्यांनी घ्यावयाची आहे. तथापि नागरिकांचाही त्यात वाटा आहे. मोबाईलमधील ॲप व ब्राउझर अद्ययावत ठेवावेत, म्हणजे सापडलेल्या दोषांची दुरुस्ती आपोआप पदरी पडते. दुसऱ्याच्या संगणकावर काम केल्यास लॉगआउट करूनच उठावे. कारण संपर्क तुटला म्हणजे खाते बंद झाले, असे नव्हे. पैसे पाठविताना नेटवर्क गेले, तर पुन्हा बटण दाबण्यापूर्वी खात्याचा तपशील पाहावा.

सातबारा हा शेतकऱ्याच्या हक्काचा आधार आहे. तो कागदाच्या दप्तरात होता तेव्हा त्या दप्तराला कुलूप असे आणि कुलपाची किल्ली कोणापाशी आहे, हे गावाला ठाऊक असे. आता दप्तर दूरच्या संगणकात गेले आहे. त्याच्या किल्लीची विचारपूस करण्याचा गावाचा अधिकार मात्र तसाच कायम आहे आणि तो उंद्रीच्या ग्रामस्थांनी अवश्य बजावावा.