ओलीस, वेढा आणि ठाण्याचा पहिला तास

दार आतून बंद करून बसलेला सशस्त्र माणूस पोलिसांपुढे दोन वेगळे प्रश्न उभे करतो. त्याच्या ताब्यात दुसरे कोणी असेल तर ते ओलीस-प्रकरण, तो एकटाच असेल तर नुसता वेढा. ओलीस-प्रकरणात निरपराधाचा जीव पणाला लागलेला असतो. नुसत्या वेढ्यात धोका मुख्यतः आतल्या माणसाला आणि आत घुसणाऱ्या पोलिसाला असतो, त्यामुळे घाईचे कारण बहुधा नसते. ओलीस-प्रकरणातही मागणी आहे की नाही हे आधी पाहावे लागते. पैसा, सुटकेची वाट किंवा प्रसिद्धी हवी असलेल्या माणसाला ओलीस जिवंत राहण्यातच फायदा दिसतो. बायको-मुलांना कोंडून बसलेल्या नवऱ्याची किंवा बांधाच्या वादातून भावकीतल्या कोणाला धरून ठेवणाऱ्याची अनेकदा काहीच मागणी नसते. त्याचा राग समोरच्याच माणसावर असतो, म्हणून असा प्रसंग अधिक जीवघेणा ठरतो.

वाटाघाटींचे शास्त्र अर्धशतकाचे आहे. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस धरलेल्या इस्रायली खेळाडूंच्या सुटकेचा प्रयत्न फसला. त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांत फ्रँक बोल्झ आणि मानसशास्त्र शिकलेले हार्वे श्लॉसबर्ग यांनी वाटाघाटींची स्वतंत्र पद्धत बसवली. वेढा पक्का करायचा, बोलणे चालू ठेवायचे आणि वेळ जाऊ द्यायचा, हे तिचे सार आहे. वेळ गेला की राग ओसरतो, भूक-तहान लागते, झोप येते आणि ओलिसांशी थोडी ओळख होते. बाहेरच्यांना तेवढ्यात घराचा नकाशा, आतल्यांची संख्या आणि शस्त्राचा प्रकार कळतो.

महाराष्ट्राचा अनुभव मात्र बहुतांशी गोळीबाराचा आहे. 16 नोव्हेंबर 1991 रोजी मुंबईच्या लोखंडवाला संकुलातील स्वाती इमारतीत गुंड माया डोळसच्या टोळीला पोलीस अधिकारी ए. ए. खान यांच्या पथकाने घेरले. काही तासांच्या चकमकीत सात गुंड मारले गेले. 27 ऑक्टोबर 2008 रोजी कुर्ल्यात बेस्टच्या बसमध्ये पिस्तूल घेऊन प्रवाशांना वेठीस धरणारा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्याला जिवंत पकडता आले नसते का, यावर मोठा वाद झाला. महिनाभरातच 26/11 घडले. ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाउस येथील अतिरेक्यांना तडजोड नकोच होती, तेथे वाटाघाटींना जागा नव्हती. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हरियाणातील मानेसरहून येईपर्यंत 27 नोव्हेंबरची सकाळ उजाडली. पुढे मुंबईत या दलाचे केंद्र आणि राज्याचे ‘फोर्स वन’ उभे राहिले.

30 ऑक्टोबर 2025 रोजी पवईतील एका स्टुडिओत ऑडिशनसाठी आलेल्या 17 मुलांसह 19 जणांना एका माणसाने कोंडले. शासनाकडून आपले पैसे येणे आहेत, असा त्याचा दावा होता आणि आग लावण्याची धमकी होती. बोलणी चालू असतानाच पोलीस न्हाणीघराच्या वाटेने आत शिरले. सर्व ओलीस सुटले, तो माणूस मात्र गोळी लागून मेला. बोलणी आणि कारवाईची तयारी एकाच वेळी चालवावी लागते, हे या घटनेने दाखवले.

मुंबईबाहेर, पुणे जिल्ह्यातील बारामती-इंदापूरसारख्या ग्रामीण भागात, सर्वांत मोठी अडचण अंतराची आहे. पुणे बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूरपासून सव्वाशेहून अधिक. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, पण त्यांचे मुख्य काम बंदोबस्ताचे. म्हणून पहिला तास, कदाचित पहिले दोन-तीन तास, भिगवण, वालचंदनगर किंवा वडगाव निंबाळकर ठाण्याच्या मोजक्या कर्मचाऱ्यांनाच निभवायचे असतात.

112 वर फोन आला की पहिल्या गाडीने दारावर धडकू नये. आडोसा घेऊन थांबावे, शेजारची घरे रिकामी करावीत आणि नियंत्रण कक्षाला नेमके चित्र कळवावे. त्यानंतर वेढ्याची दोन कडी उभी करावीत. आतले सशस्त्र पोलिसांचे असते, तेथून आतला माणूस निसटू नये. बाहेरचे गर्दी अडवते. उसातल्या वस्तीवर पाणंद बहुधा एकच असते. पुरुषभर उंच ऊस पोलिसांना आडोसा देतो तसा पळणाऱ्यालाही देतो, म्हणून उसाच्या चारही बाजू धरल्याशिवाय वेढा पुरा होत नाही. रुग्णवाहिका, नगरपरिषदेचा किंवा जवळच्या साखर कारखान्याचा अग्निशमन बंब आणि महावितरणचा वायरमन आधीच बोलावून ठेवावा. वीज मात्र प्रमुख अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तोडू नये, अचानक झालेला अंधार आतल्याला हल्ला वाटू शकतो.

गावात चोर आल्यावर सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम सूचना देणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा उपयोगी पडते. वेढ्याच्या वेळी तीच गर्दी खेचून आणील, म्हणून सूचना द्यायचीच तर घरात थांबा एवढीच द्यावी. पोलीस पाटलाकडून घराची रचना, माणसाचे व्यसन, कर्ज, आजार, तंटे यांची माहिती घ्यावी. आई, बायको किंवा थोरल्या भावाला थेट बोलायला पुढे करू नये, पुष्कळदा भांडण त्यांच्याशीच असते.

बोलणारा अधिकारी एकच असावा आणि निर्णय घेणारा दुसरा. त्यामुळे वरिष्ठांना विचारून सांगतो, असे तो खरेपणाने म्हणू शकतो आणि वेळ मिळतो. त्याने जास्त ऐकावे, समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत परत मांडावे, खोटे वचन देऊ नये. पाणी किंवा जेवण द्यायचे तर बदल्यात काही मागावे, शक्य तर एका ओलिसाची सुटका. शस्त्र, दारू आणि ओलिसांची अदलाबदल कधीच मान्य करू नये. ओलिसाला इजा होऊ लागली किंवा आग लागली, तर मात्र आत घुसण्याला पर्याय उरत नाही. म्हणून कारवाईची तुकडी सुरुवातीपासून सज्ज हवी.

ओलीस-प्रकरण आणि नुसता वेढा हा भेद कायदाही पाळतो. माणसाला पळवून, कोंडून आणि जिवाची धमकी देऊन मागणी रेटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 140(2) खाली मृत्युदंड किंवा जन्मठेपेचा गुन्हा आहे. अटकेला विरोध झाल्यास आवश्यक ते उपाय योजण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43 देते, पण एवढ्या शिक्षेचा आरोप नसलेल्याचा जीव घेण्याचा अधिकार देत नाही. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्यास स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या निकालाने बंधनकारक आहे. टाकीवर वा टॉवरवर चढून उडी मारण्याची धमकी देणाऱ्याकडे आधी तणावग्रस्त माणूस म्हणून पाहावे, हा 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा रोख आहे.

26/11चे थेट प्रक्षेपण पाहून सीमेपलीकडचे सूत्रधार अतिरेक्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012मध्ये वाहिन्यांना त्याबद्दल फटकारले आणि 2015च्या नियमांनी दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद केले. आज प्रत्येक बघ्याच्या हातात कॅमेरा असल्याने हे पथ्य गावानेही पाळायला हवे.

म्हणून चार गोष्टींचा आग्रह धरायला हवा. प्रत्येक ठाण्यात वाटाघाटींचे प्रशिक्षण घेतलेले दोन कर्मचारी असावेत आणि त्यांतली एक महिला असावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञ फोनवर मिळण्याची सोय असावी. कारखाना, शाळा आणि बँक यांचे नकाशे ठाण्यात ठेवावेत. वर्षातून एकदा पोलीस, महावितरण, अग्निशमन आणि आरोग्य विभाग यांची एकत्र रंगीत तालीम व्हावी, आणि ती रात्रीची असावी.