लष्कराची जिप्सी आणि पुण्याची सफारी

भारतीय लष्कराची हलकी वाहने अनेक दशके परदेशी आराखड्यांवर बनत आली. जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा मूळची जपानच्या निसानची. तिच्यानंतर आलेली मारुती जिप्सी सुझुकीची. जिप्सी वजनाला हलकी, म्हणून डोंगरातली अरुंद वाट आणि चिखल ती सहज पार करी. पण कापडी छताखाली लडाखची थंडी सोसावी लागे, भारही फक्त 500 किलोचा. पेट्रोलवरच्या या गाड्या जुन्या होत गेल्या.

बदली वाहनासाठी लष्कराने अटी घातल्या: पक्के छत, वातानुकूलन, किमान 800 किलो भार. चाचण्यांनंतर 2017 मध्ये 3,192 गाड्यांचे काम टाटा मोटर्सच्या सफारी स्टॉर्मला मिळाले. डिझेलवरची, फोर व्हील ड्राइव्हची ही गाडी पुण्यात तयार झाली. या गाडीसाठी परदेशी आराखडा लागला नाही, ही खरी मोठी गोष्ट.

गाडी बनवायची तर सुटे भागही लागतात. कोल्हापुरातल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री वाहनउद्योगाला ओतीव सुटे भाग पुरवतात. तापलेला लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओततात, थंड झाल्यावर साचा फोडतात आणि मग आतला भाग मशीनवर मापात आणतात.