आयांनी मागून घेतलेला वर्ग

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे जास्त. तिथं माँट्रियलजवळ सेंट लँबर्टला सरकारी इंग्रजी शाळा होती. मुलं फ्रेंच विषय शिकायची, पण फ्रेंच शेजाऱ्यांशी धड बोलता यायचं नाही. मग आया एकत्र आल्या. शाळा मंडळानं आधी दाद दिली नाही. त्या मागं लागल्या. सप्टेंबर १९६५ मध्ये २६ मुलांचा बालवर्ग सुरू झाला, सगळा फ्रेंचमधून. इंग्रजी वाचन-लेखन दुसरीपासून. इंग्रजी कच्ची राहील ही धास्ती होतीच. मॅकगिल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासलं, राहिली नाही.

आम्हाला वाटतं, घरची इंग्रजी जगात वजनदार, म्हणून हे निभावलं. आपल्या पोरांच्या मराठीला इंग्रजी शाळेत तेवढा आधार आहे का? पुढच्या बैठकीत बोलू या.