मालकावाचून चालणारी पेढी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



व्यापार हे जैन समाजाचे पिढीजात क्षेत्र. आता समाजातील अनेक तरुण गादीवरून उठून सेवाव्यवसायांत स्थिरावले आहेत. कोणी करसल्लागार आहे, कोणी यंत्रदुरुस्ती करतो, कोणी भोजनव्यवस्था पाहतो. वस्तूंच्या व्यापारात मालक आजारी पडला तरी गोदामातील माल माल म्हणून शिल्लक राहतो. सेवेत मालकाचे ज्ञान, त्याचा शब्द आणि त्याचा वेळ हाच माल असतो. म्हणून तो पंधरा दिवस अंथरुणाला खिळला की व्यवसायही खिळतो आणि त्यावर विसंबलेल्या चार-सहा कुटुंबांच्या चुली मंदावतात. पर्युषणात प्रवचनाला बसलेल्या गृहस्थाचे अर्धे चित्त खिशातील फोनकडे लागलेले असते, त्याचेही कारण हेच. असा व्यवसाय मालकाने उभा केलेला असला, तरी प्रत्यक्षात मालकच त्याचा चाकर झालेला असतो.

मालकावाचून कारभार चालवण्याची विद्या या समाजाला परकी नाही. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे नाव सर्वांना परिचित आहे. आणंदजी आणि कल्याणजी ही कोणा दोन शेठजींची नावे नसून ती मंगलसूचक नावे आहेत. अठराव्या शतकापासून ही पेढी शत्रुंजयाचा कारभार पाहत आली. 1880 साली अहमदाबादेत ठिकठिकाणच्या संघांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन तिची घटना निश्चित केली. रोजचे हिशेब, यात्रेकरूंची सोय, जीर्णोद्धार हे सारे ज्या पेढीत पिढ्यान्पिढ्या चालत राहिले, तिला मालक असा नाहीच. आहेत ते विश्वस्त, मुनीम आणि लेखी नियम.

पेढीमागे संघाचे बळ असते. लहान धंद्याला हे कसे साधावे, अशी शंका येईल. तिचे उत्तर मुंबईच्या डबेवाल्यांकडे आहे. 1890 च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केली आणि 1956 साली तिला न्यासाचे नोंदणीकृत रूप मिळाले. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेली, बहुतांशी अल्पशिक्षित माणसे ती चालवत आली. डबा घरातून निघून कचेरीत पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. मार्ग कोणा एकाच्या डोक्यात नसतो, तो झाकणावरच्या खुणांत असतो: कोणत्या भागातून आला, कोणत्या स्थानकावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. गट लहान असतो आणि त्याचा मुकादम स्वतःही डबे वाहतो. एखादा गैरहजर राहिला तर त्याची जागा घेणारा माणूस गटातच असतो. गावच्या जत्रेसाठी एप्रिलमध्ये सेवा काही दिवस बंद राहते आणि ग्राहकांना ते आधी कळवलेले असते. 2020 च्या टाळेबंदीत ही सेवा थांबली आणि नंतर डबेवाल्यांची संख्या पुष्कळ घटली. ग्राहकच घरी बसला, तर कोणतीही व्यवस्था अपुरी पडते. परंतु शतकाहून अधिक काळ ही सेवा कोणा एका व्यक्तीच्या हजेरीवर अवलंबून राहिली नाही, हे त्या खुणांचे यश आहे.

आता समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी जलशुद्धीकरण यंत्रे दुरुस्त करणारे सहा माणसांचे दुकान आहे. झाकणावरच्या खुणांची जागा तेथे कामाचा कागद घेईल. प्रत्येक ग्राहकाच्या नावे यंत्र कधी बसवले, कोणता भाग केव्हा बदलला, पुढची खेप कधी, हे त्याच दिवशी लिहिले जावे. काढलेला जुना भाग ग्राहकाला दाखवण्याचा नियम असावा. दरपत्रक भिंतीवर असावे आणि किती सूट कारागीर स्वतः देऊ शकतो, हे ठरलेले असावे. म्हणजे पन्नास रुपयांसाठी मालकाला फोन करावा लागणार नाही. ग्राहकांना दिलेला दूरध्वनी क्रमांक दुकानाचा असावा, मालकाच्या खिशातला नसावा. जो पैसे घेतो त्याने हिशेब लिहू नये, आणि रोकड रोज सायंकाळी मोजली जावी. अशाने नोकरावर अविश्वास दाखवला जात नाही. उलट प्रामाणिक माणसाला संशयापासून संरक्षण मिळते.

एवढे झाले की परीक्षा घ्यावी. प्रथम मालकाने एक दिवस दूर राहावे, मग तीन दिवस, आणि पुढच्या वर्षी पर्युषणाचे आठ किंवा दशलक्षण पर्वाचे दहा दिवस. त्या काळात ज्या ज्या प्रश्नासाठी त्याला बोलवावे लागले, तो प्रत्येक प्रश्न वहीत टिपावा. जे अद्याप सोपवले गेले नाही, त्याची ती अचूक यादी असते. यादीतला एकेक प्रश्न लेखी नियम करून किंवा माणसाला शिकवून मिटवावा. पहिल्या वर्षी यादी लांब असेल. तिने खचून जाऊ नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सोपवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. करविवरणावरील सही, ग्राहकाला दिलेला शब्द आणि चुकीची भरपाई यांची जबाबदारी मालकाचीच राहते. तसेच मालकाची विश्रांती सेवकांच्या पाठीवर लादलेली असू नये. अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे, हा शास्त्रकारांनी अहिंसाणुव्रताचा अतिचार मानला आहे. चार माणसांचे काम तिघांवर टाकून मिळवलेली सवड सामायिकात घालवली, तरी तो दोष पुसला जात नाही. ज्याला अधिकार दिला त्याला वेतनही वाढवून द्यावे आणि नफ्यात काही वाटा द्यावा.

सर्वांत कठीण अडथळा मात्र व्यवहाराचा नसून मनाचा आहे. हिशेब लिहिता येतात, माणसे शिकवता येतात. पण "माझ्यावाचून चालत नाही" या वाक्यातील सुख सोडवत नाही. आचार्य उमास्वातींनी परिग्रहाचे मूळ आसक्तीत पाहिले. ती आसक्ती जशी सोन्याची असते, तशीच आपल्या अपरिहार्यतेचीही असू शकते. धंद्याची गुपिते मुठीत धरून बसणारा मालक पैशाच्या बाबतीत कितीही उदार असला, तरी त्याचे परिग्रह-परिमाण अपुरेच म्हणावे लागेल.

ज्या न्यासाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत आहे, त्याच्या पन्नास वर्षांत विश्वस्त बदलले, पुजारी बदलले, मुनीम बदलले. मंदिराचे दार मात्र रोज वेळेवर उघडत राहिले. समाजाने देवाघरी जे साधले, ते गृहस्थाने आपल्या दुकानात साधावे. मग व्रताच्या दिवशी त्याचे चित्त व्रतात राहील, आणि त्याच्या पश्चात त्याच्या माणसांची भाकरी शाबूत राहील.

जय जिनेंद्र.