ग्रंथसेवेचा एक दिवस
(श्रीमठाच्या वर्धापनदिनी वडोदरे येथे झालेले भाषण)

 

ग्रंथालयशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करणारा विद्यार्थी दिवसभर करतो तरी काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पुस्तके मांडून ठेवावी व मागितली म्हणजे काढून द्यावी, एवढ्यासाठी विद्यापीठाची पदवी कशाला हवी, असेही कोणी म्हणतात. या मंगलदिनी मी हाच विषय घेतला आहे, कारण त्या विद्यार्थ्याच्या दिनक्रमाचा आपल्या मठातील पोथ्यांशी निकटचा संबंध आहे.

हे शिक्षण या नगरीला नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना येथे आणले व १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. त्याच परंपरेत आजचा विद्यार्थी शिकत आहे.

त्याची सकाळ वर्गीकरणाच्या तासाने सुरू होते. शिक्षक ज्ञानेश्वरीची प्रत पुढे ठेवतात आणि विचारतात, हिचे स्थान कोणते? ड्यूई यांच्या दशांश पद्धतीत भगवद्गीतेचा अंक २९४.५९२४ आणि मराठी काव्याचा ८९१.४६१. ग्रंथ तर गीतेवरील टीका आहे आणि मराठी काव्यही आहे. फडताळात मात्र तो एकाच जागी राहू शकतो. एक विद्यार्थी म्हणतो, धर्मग्रंथांत ठेवावा. दुसरा म्हणतो, काव्यात. वाद रंगतो. अखेर ठरते ते असे की, ग्रंथालयाचे वाचक तो जेथे शोधतील तेथे तो ठेवावा आणि तालिकेत मात्र दोन्ही वाटांनी येणाऱ्यास त्याचा पत्ता लागावा. एका अंकामागे एवढा विचार असतो.

दुपारी प्रात्यक्षिक. नव्या ग्रंथांची दाखल नोंदवहीत नोंद, लेखकाच्या नावाचे एकच रूप निश्चित करणे, संगणकावरील तालिकेत माहिती भरणे, वाचकाच्या प्रश्नाला उत्तर शोधून देणे. या कामाला दिशा दिली ती डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांनी. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचावा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय. गणिताचा हा अध्यापक ग्रंथपाल झाला आणि त्याने या व्यवसायाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली.

ज्याने हस्तलिखितांचा विषय घेतला आहे, त्याची सायंकाळ पोथीपाशी जाते. पानांची संख्या, लांबी-रुंदी, दर पृष्ठावरील ओळी, देवनागरी की मोडी, आरंभ, शेवट हे सारे तो टिपून घेतो. मग पुष्पिका वाचतो. तेथे लेखकूचे नाव, गाव, शक सापडतो; शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले म्हणजे इसवी सन साधारणपणे कळतो. ज्या अज्ञात हाताने दिव्याच्या उजेडात ती पाने लिहिली, त्याची एवढीच खूण जगात उरलेली असते. यादी झाली नाही, तर तीही नाहीशी होते.

आता मठाविषयी. आपण विजयादशमीस पोथ्यांची पूजा करतो, रुमाल बदलतो आणि पुन्हा बांधून ठेवतो. ही श्रद्धा थोर आहे. परंतु पानांवर वाहिलेल्या हळदकुंकवाचे डाग निघत नाहीत, निरांजनाचे तेल कागदात मुरते, ओल्या फुलांनी बुरशी धरते आणि बंद गाठोड्यात कसर निर्वेधपणे आपले काम करते. पूजा बाहेरील रुमालाची किंवा वरच्या लाकडी फळीची केली, तर देवतेचा मान यत्किंचितही उणावणार नाही.

पोथी उघडल्याने तिचे पावित्र्य भंगेल, अशी शंका काही वडीलधाऱ्यांना वाटते. तिचा मी आदर करतो. पण जुन्या लेखकूंनीच पोथीच्या शेवटी तिच्या मुखाने विनवणी लिहून ठेवली आहे : तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. कोणाच्याच हाती देऊ नका, असे ती म्हणत नाही. जाणत्या हाताची तिला प्रतीक्षा आहे.

म्हणून माझी प्रार्थना एवढीच की, श्रीस्वामीमहाराजांच्या आज्ञेने व विश्वस्तांच्या देखरेखीखाली, मठाबाहेर एकही पान न जाता, या विद्यार्थ्यांकडून पोथ्यांची यादी करून घ्यावी. स्नान करून, स्वच्छ कोरड्या हातांनी ते येतील. यादीची एक प्रत मठात, एक अन्यत्र सुरक्षित राहावी. कोणती पोथी कोणी पाहावी, हा अधिकार मठाचाच राहील. पण आपल्यापाशी काय आहे, हे तरी आपणांस ठाऊक असावे. पूर्वजांनी जे लिहून ठेवले ते वाचणाराही आपल्यातूनच निघावा, एवढे मागणे श्रीचरणी ठेवून मी आपली रजा घेतो.