बलाढ्यांच्या सावलीतील लहान कंपन्या

(व्याख्यानाचा मजकूर)

मराठी व्यवहारात ‘भागीदार’ या शब्दाला मोठे वजन आहे. भागीदार म्हणजे नफ्यातोट्याचा वाटेकरी. धंदा बुडाला तर त्याच्याही दारी सावकार येतो. संगणक-व्यवसायात मात्र हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. मायक्रोसॉफ्ट किंवा ॲमेझॉन यांसारख्या कंपन्यांचे भागीदार हजारोंनी मोजावे लागतात, आणि त्यांतील बहुतेक केवळ नोंदणीकृत विक्रेते वा सेवा पुरविणारे असतात. एखाद्या लहान सॉफ्टवेअर कंपनीने अमक्या महाकाय कंपनीशी भागीदारी केल्याचे वृत्त झळकते, समभागाचा भाव चढू लागतो आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम घेऊन एखादा शिक्षक त्या भावामागे धावतो. त्याने प्रथम एवढेच विचारावे, की या सहकार्यात त्या महाकाय कंपनीचा एक रुपया तरी अडकला आहे काय?

या संदर्भात सिट्रिक्स या अमेरिकन कंपनीचा इतिहास उद्बोधक आहे. आयबीएममधून बाहेर पडलेले एड इयाकोबुची यांनी १९८९ साली ती स्थापन केली. एका मध्यवर्ती संगणकावर अनेकांना दुरून काम करता यावे, ही तिची कल्पना. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून उभारलेल्या ओएस/टू या प्रणालीवर तिने आपले पहिले उत्पादन बेतले. पुढे त्या दोन बलाढ्यांचे फाटले, मायक्रोसॉफ्टने आपले सारे बळ विंडोजमागे लावले आणि सिट्रिक्सचे पहिले उत्पादन बाजारात उभेच राहू शकले नाही. हत्तींच्या भांडणात गवत तुडवले जाते, तसाच हा प्रकार.

कंपनीने मग मायक्रोसॉफ्टकडून विंडोज एनटीच्या मूळ आज्ञावलीचा परवाना मिळविला, त्यावर विनफ्रेम हे उत्पादन १९९५ साली बाजारात आणले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात समभाग जनतेस विक्रीस काढले. सर्व काही सुरळीत चालले असता फेब्रुवारी १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने कळविले, की अशी सोय आपण स्वतःच तयार करण्याच्या विचारात आहोत. सिट्रिक्सच्या समभागाची किंमत एका दिवसात निम्म्याहून अधिक घसरली. कंपनीचे ग्राहक, तिचे अभियंते, तिचे उत्पादन यांत त्या दिवशी काहीही बदल झाला नव्हता. बदलला होता तो फक्त परवाना देणाऱ्याचा विचार.

वाटाघाटी झाल्या आणि मे १९९७ मध्ये करार झाला. मायक्रोसॉफ्टने ७ कोटी ५० लाख डॉलर दिले व पुढे १० कोटी डॉलरपर्यंत स्वामित्वशुल्क देण्याचे मान्य केले. सिट्रिक्स तरली, याचे श्रेय भागीदारीला देणे चुकीचे ठरेल. दूरच्या संगणकाशी संवाद साधण्याचे तिचे स्वतःचे तंत्र तिच्या मालकीचे होते. ते विकत घेणे नव्याने घडविण्यापेक्षा सोयीचे होते, असेच म्हणावे लागते.

स्पायग्लास या इलिनॉय राज्यातील कंपनीच्या हाती असे फारसे काही नव्हते. मोझॅक या आंतरजाल-दर्शकाचा परवाना तिच्याकडे होता, तो तिने मायक्रोसॉफ्टला दिला आणि विक्रीवरील हिश्शाची वाट पाहत बसली. मायक्रोसॉफ्टने आपला दर्शक विंडोजबरोबर मोफत देण्यास आरंभ केला. विक्रीच नाही, तर हिस्सा कशाचा? १९९७ साली ८० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडे पुण्यात आनंद देशपांडे यांनी १९९० साली स्थापन केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्पादने घडविण्याच्या कामातूनच वाढली. आयबीएमशी तिचे संबंध प्रदीर्घ काळाचे आहेत. २०१० साली तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. तेव्हा मोठ्यांच्या सहवासात लहान वाढतच नाही, असे मुळीच नाही. प्रश्न इतकाच, की उत्पन्नाचा केवढा भाग एकाच दारातून येतो?

याचे उत्तर शोधण्याची सोय कायद्याने केलेली आहे. भारतीय लेखामानक १०८ नुसार, ज्या एका ग्राहकाकडून १० टक्के वा त्याहून अधिक महसूल येतो, त्याची नोंद वार्षिक हिशेबात द्यावी लागते. ग्राहकाचे नाव देणे बंधनकारक नाही. रकमेवरून मात्र पुष्कळ उमगते. लहान उद्योगांसाठी २०१२ पासून सुरू झालेल्या स्वतंत्र बाजारमंचावरील कंपन्यांना हे मानक बंधनकारक नाही, आणि लहान सॉफ्टवेअर कंपन्या तर तेथेही आढळतात. त्यांच्या बाबतीत समभाग विक्रीच्या वेळचे माहितीपत्रच हाती घ्यावे लागते. त्यातील जोखीमविषयक प्रकरण लांबलचक आणि रुक्ष असते. बहुधा म्हणूनच ते कोणी वाचत नाही. ‘मोजक्या ग्राहकांवर अवलंबून’ अशा अर्थाचे वाक्य तेथे सापडले, तर त्यापुढील टक्केवारी पाहावी, आणि मग करार किती वर्षांचा आहे व तो एकतर्फी संपविता येतो काय, हे पाहावे.